पेठांमधल्या शाळांची पायी सहल

मुलांनो, पुण्यात सहल म्हटली की सिंहगड, पर्वती, फार तर सारसबाग! या वेळी आपण चक्क शाळा बघायला जाऊ. हसू नका! अंतर इतकं थोडं आहे की रिक्षासुद्धा लागणार नाही. आई-बाबांना बरोबर घ्या आणि शनिवारवाड्यापाशी या.

शेजारीच नानावाडा आहे. पेशव्यांचे कारभारी नाना फडणीस यांचं हे घर. सुरूच्या झाडासारखे कोरलेले लाकडी खांब ही इथली खासियत. या वाड्यात पुढे न्यू इंग्लिश स्कूलचे वर्ग भरत. ही शाळा निघाली जानेवारी १८८० मध्ये. विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी शाळेतली मास्तरकी सोडून आले होते. तेव्हा सरकारी नोकरी म्हणजे केवढी पक्की! त्यांना साथ मिळाली २३ वर्षांच्या टिळकांची आणि नामजोशींची. आगरकर थोडे मागाहून आले. चिपळूणकर १८८२ मध्येच वारले, पण बाकीच्यांनी १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी फर्ग्युसन कॉलेज काढलं.

या शाळेत सगळे मुलगेच. मग मुली कुठे होत्या?

त्यासाठी बुधवार पेठेत जाऊ. वाटेत अप्पा बळवंत चौकात नूमवि लागेल, ती १८८३ ची. (पुस्तकांच्या दुकानांत रेंगाळू नका, नाहीतर सहल तिथेच संपेल!) दगडूशेठ गणपतीच्या समोर भिडे वाडा होता. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये इथे मुलींची शाळा सुरू केली. सावित्रीबाई तेव्हा अवघ्या १७ वर्षांच्या! लोक त्यांच्या अंगावर शेण, चिखल फेकत. म्हणून त्या जादा लुगडं जवळ ठेवत. शाळेत पोचायचं, लुगडं बदलायचं आणि शिकवायला उभं राहायचं. १८४९ मध्ये या कामापायी दोघांना घरही सोडावं लागलं.

हे सांगितलं की माझ्या वर्गात एक प्रश्न हमखास येतो, "बाई, पण लोकांना एवढा राग कशाचा आला होता?" मुलगी शिकली तर घराचं वाटोळं होईल, असं लोकांना खरोखर वाटत होतं. आज वर्गात निम्म्या मुली असतात, त्यामुळे हे पोरांना पटतच नाही.

भिडे वाडा अगदी मोडकळीला आला होता. डिसेंबर २०२३ मध्ये तो पाडला. तिथे स्मारक उभारायचं ठरलं. स्मारक व्हावंच, पण तो जुना वाडा तुम्हांला दाखवता आला असता तर मला जास्त आवडलं असतं.

आता लक्ष्मी रस्त्यावर या. ही हुजूरपागा. हुजूर म्हणजे पेशवे आणि पागा म्हणजे घोडे बांधायची जागा. इथलं मुलींचं हायस्कूल २१ सप्टेंबर १८८४ रोजी सुरू झालं. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर, वामन आबाजी मोडक ही मंडळी पुढे होती. गंमत बघा, मुलग्यांसाठी झटून शाळा काढणाऱ्या टिळकांचा या शाळेच्या शिक्षणक्रमाला विरोध होता. मुलींना मुलग्यांसारखं इंग्रजी शिक्षण नको, असं त्यांचं म्हणणं. त्यांचे मित्र आगरकर याच्या अगदी उलट! मुलामुलींना एकच शिक्षण द्या, तेही एकत्र बसवून, असं ते 'सुधारक'मध्ये लिहीत. एकाच शाळेतले दोन मास्तर, पण यावर त्यांचं कधी जमलं नाही.

घोड्यांच्या त्या पागेत पुढे दूरदूरच्या मुली राहायला आल्या. त्यांतली एक ब्रह्मदेशात जन्मलेली, सात वर्षांची चिमुरडी. तीच पुढे 'युगान्त' लिहिणाऱ्या इरावती कर्वे.