पिकअपमधले तीन विद्यार्थी

शेतातली खबर आधी. मृग लागून आठ दिवस झाले. दोन सरी आल्या, त्या ढेकूळ भिजण्यापुरत्याच. शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरायचं नाही हे ठरलेलं आहे, म्हणून तिफण अजून सावलीतच आहे. घरच्या बियाणाची उगवण तपासून झाली, शंभरात 78 आले. हाताला काम कमी आहे, म्हणून आज पिकाचं सोडून दुसरं लिहितो. गेली दोन वर्षं दर रविवारी माझ्या पिकअपमध्ये भाजीच्या कॅरेटांबरोबर तीन माणसं लातूरला जात होती, त्यांचं.

तिघंही मुक्त विद्यापीठाचे विद्यार्थी. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 साली नाशिकला सुरू झालं. घरीच पुस्तकं वाचायची, सुट्टीच्या दिवशी जवळच्या अभ्यास केंद्रात तासाला बसायचं आणि परीक्षा द्यायची. शिक्षण सुटलेल्या माणसाला यासारखी दुसरी सोय नाही. माझं शिक्षण दहावी. त्यामुळं मी त्यांना शिकवलं असं कुणी समजू नका. मी गाडी चालवली, आणि गाडीत माणूस जे बोलतो ते घरात बोलत नाही, ते ऐकलं.

पहिली माझ्या धाकट्या भावाची बायको. गावात अंगणवाडी सेविका आहे, वय 43. मुख्यसेविका व्हायचं तर पदवी लागते, आणि वयाची अट डोक्यावर. दुसरा आमच्या आळीतला ट्रॅक्टर चालवणारा, वय 34, बारावी झालेला. तिसरा दूध संकलन केंद्रावर बसणारा पोरगा, वय 27. हा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला गणितात गेला आणि वर्षभर घरी सांगितलंच नाही. बापाला कळलं तेव्हा मोठं रामायण झालं. तेव्हापासून कॉलेजचं नाव काढलं की हा पोरगा उठून बाहेर जायचा. बी.ए.चा फॉर्म भरायला त्याला भावजयीनं तयार केलं.

आमचा जिल्हा लातूर पॅटर्नचा. दहावी-बारावीचे निकाल लागले की चौकाचौकात पोरांचे फोटो लागतात. त्या पॅटर्नमध्ये जादू काही नाही, पोरांकडून सराव परीक्षा पुन्हा पुन्हा लिहून घेणं हाच त्याचा गाभा. पण तो अठरा वर्षांच्या पोरांसाठी, ज्यांना खोली आहे, मेस आहे, बाप पैसे पाठवतो. चाळिशीतल्या बाईला रात्री साडेनऊला भांडी झाल्यावर पुस्तक उघडायचं असतं. तिच्यासाठी पॅटर्न कुणी काढला नाही.

सुरुवातीला मीही सगळे म्हणतात तेच म्हणायचो, भिऊ नका, होईल सगळं. त्यावर गाडीत सगळे गप्प व्हायचे. मोबाईलवर जोशपूर्ण भाषणंही त्यांनी लई ऐकली. ट्रॅक्टरवाला म्हणाला, "ऐकताना बरं वाटतं काका, पुस्तक उघडलं की पुन्हा तेच." मग मी नुसतं विचारायला लागलो, नेमकं भ्या कशाचं वाटतं? तर तिघांचं तीन तऱ्हेचं निघालं.

भावजयीला नापास होण्याचं एवढं भ्या नव्हतंच. गावाला कळेल याचं होतं. ज्या पोरांना तिनं अ आ इ शिकवलं ती आता कॉलेजात. "बाई नापास झाल्या" हे त्या पोरांच्या तोंडून ऐकायचं भ्या. त्यातून घरातली पोरगी बारावीला. आई नापास आणि पोरगी पास झाली तर पाहुणे काय म्हणतील, हे तिनं आधीच मनात पाठ करून ठेवलेलं.

ट्रॅक्टरवाल्याचं अगदी साधं. त्याला लिहायचं भ्या. बारा-पंधरा वर्षांत सहीपलीकडं पेन धरलेला नाही. अर्धं पान लिहिलं की अंगठा दुखायचा आणि अक्षर लहान पोरासारखं यायचं. "स्टेअरिंग धरून धरून बोटं वळंनात," म्हणायचा. उत्तर त्याला येत होतं, तोंडी विचारलं की सांगायचा. पण त्याच्या डोक्यात बसलेलं की आपल्याला अभ्यासच जमत नाही.

दूधवाल्या पोराचं मात्र जड होतं. त्याच्या लेखी नापास होणं म्हणजे एका विषयात कमी मार्क पडणं नव्हतंच. आपण माणूस म्हणूनच गेलो, असं त्यानं धरलेलं. त्याला कारण आहे. बापानं चार माणसांत बोलू नये ते बोलून ठेवलेलं.

आता तिघांना एकच औषध कसं चालेल? तांबेऱ्याला आणि खोडमाशीला एकच फवारा मारणारा शेतकरी असतो, पण त्याचं पुढं काय होतं ते आपण बघतो.

ट्रॅक्टरवाल्याला अभ्यासाआधी हात मोकळा करायला लावला. फुलस्केप वही, मोबाईलवर गजर, पहिल्या आठवड्यात रोज दहा मिनिटं, मग वीस. काय लिहायचं याला बंधन नाही. त्यानं डिझेलचा हिशोब लिहिला, कुणाच्या रानात किती तास नांगरलं ते लिहिलं. दोन महिन्यांनी सलग तासभर लिहायला लागला, तेव्हा पुस्तकातली उत्तरं सुरू केली. अंगठा दुखायचा थांबला तशी "मला येत नाही" ही भाषाही कमी झाली. माझं मत असं की मोठ्या माणसाची निम्मी भीती अंगाची असते, सवय मोडलेल्या अंगाची. ती बोलून जात नाही, काम करूनच जाते.

भावजयीसाठी गावातल्या रिटायर गुरुजींना गाठलं. गुरुजी वयानं पंच्याहत्तरीचे, पण डोकं तल्लख. त्यांनी पहिल्याच दिवशी एक वेगळीच गोष्ट केली. जुनी प्रश्नपत्रिका पुढं ठेवली आणि म्हणाले, "अभ्यास न करता लिहा. तीन तास." ती म्हणाली, गुरुजी, मला काहीच येत नाही. गुरुजी म्हणाले, "तेच बघायचंय, किती येत नाही ते."

आमच्या पडवीत बसून तिनं पेपर लिहिला. तीन तासांत चार वेळा उठली, एकदा डोळे पुसून आली. गुरुजींनी पेन्सिलनं तपासला, लाल पेन घेतलाच नाही. 80 पैकी 23. गुरुजींनी पास व्हायची रेघ 40 टक्क्यांवर धरलेली, म्हणजे 32. पुस्तक न उघडता 23, मग उरले किती? नऊ. मी तिच्या तोंडाकडं बघत होतो. इतके दिवस जे डोंगराएवढं होतं ते नऊ मार्कांवर आलं.

आपण उगवण तपासतो तेव्हा शंभरातले तीस दाणे मेलेले निघाले म्हणून कुणी शेती सोडत नाही. बियाणं एकरी किती वाढवायचं तेवढं कळतं. शेतात न जाता गोणपाटावरच कळतं, खर्च काही नाही. गुरुजींना हे सांगितलं तर हसले आणि म्हणाले, तुम्ही शेतकरी लोक पोरांना मात्र थेट रानात पेरता.

पुढं दर महिन्याला एक पेपर. 23 चे 29 झाले, मग एकदा 26 वर आले. त्या दिवशी ती पुन्हा खचली. गुरुजींनी कागद पुढं करून दाखवलं की एक सोळा मार्कांचा प्रश्न वेळ संपल्यामुळं सुटलाय, ज्ञान कमी पडलेलं नाही. तेव्हापासून मनगटावर घड्याळ आलं. पहिली दहा मिनिटं नुसती प्रश्नपत्रिका वाचायची, येतं त्यावर खूण करायची, सोपं आधी लिहायचं. प्रश्न क्रमानंच सोडवावे लागतात असं तिला तोवर वाटत होतं! शाळेत कुणीतरी तसं सांगितलेलं, ते पंचवीस वर्षं डोक्यात.

गावात कळण्याच्या भीतीवर मात्र गुरुजींकडंही इलाज नव्हता. तो तिच्या पोरीनं केला. ती एक दिवस चार मैत्रिणींसमोर म्हणाली, "आमच्या मम्मीचा पण पेपर आहे, आम्ही दोघी एका टेबलावर बसतो." लपवायचं काही उरलंच नाही.

यंदाच्या उन्हाळी परीक्षेला पहिल्या पेपरच्या दिवशी मी दोघांना घेऊन केंद्रावर गेलो. दोघांनाच. तिसऱ्याचं पुढं सांगतो. ट्रॅक्टरवाला हॉल तिकीट घेऊन सरळ आत गेला. भावजय गेटजवळ थांबली. हात बर्फासारखे झाले म्हणाली. आत जाणारी बहुतेक पोरं तिच्या पोरीच्या वयाची. "दादा, माघारी जाऊ. पुढच्या वेळी देते." वाद घालून उपयोग नव्हता. मी म्हणलं, "जाऊ की. फक्त आत जाऊन उत्तरपत्रिकेवर नंबर लिहून ये, गैरहजेरी नको लागायला. मी इथंच लिंबाखाली आहे." ती गेली. अर्धा तास झाला, तास झाला, मी चहा घेऊन आलो. तीन तास संपल्यावर शेवटच्या माणसांत बाहेर आली. बोटाला शाई होती आणि ती भुकेजली होती. पेपर कसा गेला हे मी विचारलं नाही, भजी घेऊन दिली. घरच्यांनाही आधीच सांगून ठेवलेलं की सगळे पेपर होईपर्यंत हा प्रश्न कुणी विचारायचा नाही.

आता तिसऱ्याचं. पोराचा अभ्यास तिघांत चांगला होता. सरावाला मात्र तो कधी बसला नाही, दर वेळी दुधाचं कारण. त्या सकाळी फाट्यावर आलाच नाही, फोन बंद. संध्याकाळी कळलं की दिवसभर तळ्यावर बसून होता. मला काळजी वाटली, खोटं कशाला सांगू. आपल्या भागात पोरं काय करून बसतात हे आपण सगळे जाणून आहोत. घरात कुणाचं जेवण तुटलं, झोप उडाली, जगण्याचा कंटाळा आल्याची भाषा निघाली तर ते मनावर घ्या, माणसाला एकटं सोडू नका. टेलिमानसचा 14416 हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. लिहून भिंतीला लावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतः दूध घेऊन केंद्रावर गेलो. एरवी पोरगं जातं. फॅट किती लागली, एसएनएफ का कमी आला, म्हशीला सरकी पेंड बदलली का, एवढंच बोललो. चार दिवस रोज गेलो. परीक्षेचा विषय काढला नाही. बापाला मात्र वेगळं गाठून बोललो. काय बोललो ते इथं लिहीत नाही, पण माणूस ऐकून घेत होता. दोन दिवसांनी बाप केंद्रावर येऊन पोराला चहा देऊन गेला, आठ वर्षांत पहिल्यांदा, असं पोरानंच सांगितलं.

पाचव्या दिवशी कॅन उचलता उचलता पोरगा म्हणाला, "काका, राहिलेले पेपर पुढच्या परीक्षेला देता येतात ना? फॉर्म कधी सुटतो?" मी म्हणलं, तारीख बघून सांगतो, पण आधी गुरुजींचा एक पेपर द्यावा लागेल, बिनअभ्यासाचा.

निकाल अजून लागायचे आहेत, दोघांचेही. भावजय एका विषयाचं भ्या अजून धरून आहे, ते असूद्या. पोराचा पेपर परवा झाला, टँकर गेल्यावर केंद्रातल्याच टेबलावर, काट्याच्या शेजारी. 80 पैकी 17. गुरुजींनी पुढचा पेपर महिन्यानं ठेवलाय, तोपर्यंत पेरण्या उरकाव्यात ही अपेक्षा.