शुद्धिपत्र

गेल्या वर्षी एका संध्याकाळी मी शाळेच्या संगणकावर शिष्यवृत्तीचे अर्ज भरीत बसलो होतो. निपाणीच्या आसपास बिड्या वळून संसार चालविणाऱ्या आयाबहिणी पुष्कळ. त्यांच्या मुलांना केंद्र सरकारची ही शिष्यवृत्ती मिळते. मुदत त्याच रात्री संपत होती. एका मुलीचा अर्ज अर्धा झाला आणि पडदा काळा पडला! दुरुस्ती बसविण्यासाठी यंत्र आपण होऊन बंद पडले होते. अर्ज पुन्हा पहिल्यापासून भरावा लागला. तो गेला तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते.

दिवाळीला बेंगळूरहून पुतण्या आला. तो मोठमोठे सर्व्हर सांभाळतो. म्हणाला, "काका, आम्ही चालत्या यंत्रातच दुरुस्ती करतो."

मला ते पटेना. तेव्हा त्याने समजावून दिले. संगणकाच्या कार्यप्रणालीचा गाभा म्हणजे कर्नल. त्यात हजारो लहान लहान कृती लिहिलेल्या असतात. सदोष कृती पुसावयाची नाही. सुधारलेली कृती स्मृतीत दुसरीकडे ठेवून जुनीच्या आरंभी 'तिकडे जा' अशी खूण करावयाची. आम्हां शिक्षकांना यात नवल ते काय? पाठ्यपुस्तकात चूक निघाली की आपण पानाच्या माथ्यावर शुद्धिपत्र डकवितोच की!

"पण एखादा मुलगा ते पान अर्धे वाचून बसला असेल तर?" मी विचारले.

"त्याचे पान संपेपर्यंत थांबायचे. मग त्याला नव्या पानावर न्यायचे."

अर्थात हजेरीपटाचे रकानेच बदलावयाचे असतील, तर नुसती चिठ्ठी पुरत नाही. शिवाय ही चिठ्ठी स्मृतीतलीच. यंत्र बंद झाले की गेली. म्हणून नवी आवृत्ती तबकडीवर तयार ठेवावीच लागते.

अमेरिकेतील एम.आय.टी.मध्ये जेफ अर्नोल्ड या विद्यार्थ्याने, वापरणाऱ्यांची गैरसोय नको म्हणून, सुरक्षेची एक दुरुस्ती लांबणीवर टाकली होती. तेवढ्यात कोणी परका यंत्रात शिरला. त्यातून त्याने 'केस्प्लाइस' ही युक्ती काढली. 2011 मध्ये ती ओरॅकलने विकत घेतली. 2015 मध्ये लिनक्सच्या 4.0 या आवृत्तीत अशा दुरुस्तीची सोय मुळातच आली.

ही कथा ऐकून मी जरा ओशाळलो. आमचे यंत्र त्या रात्री उगाच बंद पडले नव्हते. कित्येक दिवस ते दुरुस्तीची परवानगी मागत होते आणि मी 'नंतर' या शब्दावर बोट ठेवीत होतो.

आमच्या संगणकाला पुतण्याच्या सर्व्हरची सोय नाही. शनिवारी सकाळची शाळा सुटली, की मीच तो बंद करून पुन्हा सुरू करतो. शिपाई किल्ल्यांचा जुडगा घेऊन दारात उभा असतो.