चित्राविना चार पेपर

रेडिओलॉजीच्या एमडीला लेखी परीक्षेचे चार पेपर असतात. प्रत्येकी शंभर गुण, तीन तास. पहिला मूलभूत शास्त्रांचा, शेवटचा नव्या घडामोडींचा, मधल्या दोघांत उरलेलं सगळं शरीर. तीन वर्षं अंधाऱ्या खोलीत पडद्याकडे बघण्यात जातात आणि परीक्षेला समोर येतो तो छापील प्रश्न आणि कोरी उत्तरपत्रिका. फिल्म वगैरे नंतर, प्रॅक्टिकलला: केसेस, स्पॉटर्स, व्हायवा. नव्याने आलेल्या जेआर-वनला हा अन्याय वाटतो. "सर, आपलं काम बघण्याचं आणि परीक्षा निबंधाची?" असं दर वर्षी कुणीतरी विचारतंच.

मला हे बरोबर वाटतं. रात्री दोन वाजता ऑपरेशनला उभा राहणारा सर्जन आमचा रिपोर्ट वाचतो. त्याने फिल्म पाहिली तरी तो बघतो ते आम्ही लिहिलेल्या वाक्यांच्या आधाराने. म्हणजे आम्ही शेवटी विकतो ती वाक्यं. ती सुचायला चित्र समोर लागतंच असं असेल, तर रोग नीट समजलेला नाही, फक्त ओळखीचा झालाय.

एक नेहमीचा प्रश्न घ्या: मेंदूतली रिंग एन्हान्सिंग लीजन, इमेजिंगची चर्चा करा. कॉन्ट्रास्ट दिल्यावर कडेने कड्यासारखी उजळणारी गाठ. यावर मुलं पाठ केलेलं 'मॅजिक डीआर' उतरवून काढतात: मेटास्टेसिस, ॲब्सेस, ग्लिओब्लास्टोमा, इन्फार्क्ट, कन्ट्यूजन, डीमायलिनेशन, रेडिएशन नेक्रोसिस. यादी चुकीची नाही. पण ती ज्या वॉर्डांसाठी जुळवली ते वॉर्ड आपले नव्हेत. आपल्याकडे फिट आली म्हणून दहा वर्षांच्या मुलाला सीटीला आणतात, तेव्हा डोक्यात आधी दोनच नावं यायला हवीत: न्यूरोसिस्टिसर्कोसिस आणि ट्युबरक्युलोमा. त्या यादीत या दोघांना स्वतःचं अक्षरसुद्धा नाही, 'आय'मध्ये इन्फार्क्टच्या शेजारी दाटीवाटीने बसावं लागतं.

खरं उत्तर सुरू होतं ते या दोघांना वेगळं करताना. सिस्टिसर्कोसिसची गाठ सहसा वीस मिलिमीटरच्या आतली, कड गुळगुळीत, आणि नशीब असेल तर आत बाजूला बसलेला एक ठिपका, म्हणजे अळीचं डोकं. ट्युबरक्युलोमा बहुधा त्याहून मोठा, कड वेडीवाकडी, चार-पाच गाठी एकमेकींना चिकटलेल्या, भोवती सूज एवढी की मधली रेषा सरकावी. एमआरआयवर त्यातलं घट्ट केसिएशन टी-टूला काळं दिसतं, स्पेक्ट्रोस्कोपीत १.३ पीपीएमला लिपिडचं शिखर उभं राहतं. पू भरलेला ॲब्सेस डिफ्युजनवर पांढरा लखलखतो, तिथेच तो बाजूला होतो. एवढं ओळीने लिहिता आलं की मग 'मॅजिक डीआर' खुशाल लिहा, शेवटच्या परिच्छेदात. मुलाच्या पुढच्या औषधांचं सगळं गणित या क्रमावर असतं. एकीकडे थोडक्या दिवसांचं जंतावरचं औषध, दुसरीकडे महिनोन्‌महिने टीबीच्या गोळ्या.

गंमत म्हणजे हीच मुलं पुढे लंडनच्या रॉयल कॉलेजची एफआरसीआर देतात. तिच्या टू-ए भागात दोन पेपर, प्रत्येकी एकशेवीस प्रश्न, पाचांतला सर्वांत योग्य पर्याय निवडायचा. तिथेही प्रश्नात शब्दच. पण तिथल्या गोष्टीतला रुग्ण बहुधा साठीपुढचा असतो, सिगारेट ओढणारा, आणि मेंदूतलं तेच कडं आता फुप्फुसातून आलेलं मेटास्टेसिस होतं. गाठीचं वर्णन जवळजवळ तेच, उत्तर वेगळं. दोन्ही परीक्षांचा अभ्यास एकदम करणाऱ्यांना मी वह्या वेगळ्या ठेवायला सांगत नाही. एकाच पानावर दोन रुग्ण शेजारी लिही म्हणतो. वय, गाव, सवयी वर, यादी खाली.

हाडांच्या गाठींनाही हेच लागू. जायंट सेल ट्यूमर म्हणायचं तर एपिफिसिस मिटलेले हवेत, गाठ सांध्याच्या पृष्ठभागाला टेकलेली हवी, एका बाजूला कललेली हवी, कड स्पष्ट पण स्क्लेरोसिस नसलेली हवी. चाळिशीनंतर मात्र मेटास्टेसिस आणि मायलोमा यांना विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही. हे पुस्तकात आहेच, अधिक काय सांगू.

फिजिक्सची भीती सगळ्यांना असते. एमबीबीएसची साडेपाच वर्षं ज्याला हात लावला नाही, ते पुन्हा दारात. मी मुलांना पुस्तक उघडण्याआधी एक्स-रेच्या खोलीत पाठवतो. जुने टेक्निशियन काका मांडीचं हाड काढताना रुग्णाला नेमकं एकाच दिशेने झोपवतात, खुबा ठरावीक बाजूलाच. विचारलं तर म्हणतात, "नाहीतर प्लेट एका टोकाला काळी येते." हा झाला हील इफेक्ट. ॲनोडचा पृष्ठभाग तिरका. त्या बाजूने निघणाऱ्या किरणांना जास्त धातूतून वाट काढावी लागते, म्हणून तिथे झोत दुबळा. जाड भाग कॅथोडकडे ठेवायचा. मॅमोग्राफीच्या यंत्रात छातीच्या भिंतीकडे कॅथोड असतो तो याचसाठी. आयोडीनची के-एज ३३.२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट हा आकडा सगळे घोकतात. पण सीटी अँजिओग्राफी १२० ऐवजी ८० किलोव्होल्टवर केली की झोताची सरासरी ऊर्जा त्या आकड्याजवळ येते, आयोडीन जास्त उजळतं आणि किडनी नाजूक असलेल्या रुग्णाला कॉन्ट्रास्ट कमी देऊन भागतं, हे जोडलं की आकडा विसरायला होत नाही. (ज्याच्या नावाचं एकक आम्ही दिवसभर उच्चारतो, त्या हाउन्सफील्डकडे विद्यापीठाची पदवी नव्हती. १९७९चं नोबेल मात्र मिळालं. जेआर-थ्री हे मला परीक्षेच्या तोंडावर आवर्जून ऐकवतात.)

आकृत्या काढायला आताची मुलं टाळाटाळ करतात. मोबाइलवर सगळ्या आहेत ना. पण यकृताचे आठ सेगमेंट, १९५७ साली क्लोद कुइनो या फ्रेंच सर्जनने मांडलेले, हाताने काढल्याशिवाय बसत नाहीत. तीन हिपॅटिक व्हेन्स उभ्या, पोर्टल व्हेनच्या फांद्या आडव्या, कॉडेट लोब मागे एकटा. पेन्सिलीने काढत राहिलं की सोनोग्राफीचा प्रोब बरगड्यांखाली तिरका करताना तीच आकृती पडद्यावर वळताना दिसते, आणि गाठ 'उजव्या लोबमध्ये' असं मोघम लिहायचा मोह होत नाही. सर्जनला सेगमेंट सहा की सात हे हवं असतं, लोब त्याला ठाऊक आहे.

लेखी पेपरात मला सर्वांत खटकतं ते रिपोर्टमधून तिथे घुसलेलं वाक्य: 'क्लिनिकली कोरिलेट करावे.' रिपोर्टमध्ये ते आमचं मागचं दार असतं. परीक्षेत रुग्ण नाही, रेफर करणारा डॉक्टर नाही, मग कोरिलेट कुणी आणि कशाशी करायचं? प्रिलिमच्या पेपरात ते दिसलं की मी लाल पेनाने खाली लिहितो, 'तुझं मत काय?' यंदा पेपर परत घेताना एका जेआर-थ्रीने शांतपणे विचारलं, "सर, तुमच्या कालच्या सीटी रिपोर्टमध्येही होतं ते." होतं. मी तिला त्या रुग्णाचा फॉर्म काढून दाखवला. क्लिनिकल हिस्टरीच्या रकान्यात दोनच शब्द होते: पोट दुखते.