पिठाचा कोंबडा आणि प्लास्टिकचा सैनिक

सांगलीत आमचे रंगाचे दुकान आहे. वडिलांनी ते सुरू केले, मी पुढे चालविले. रंग म्हटला की माझ्या डोळ्यांसमोर वीस लिटरची बादलीच येते. त्यामुळे 2020 च्या टाळेबंदीत पुण्याहून घरी परतलेल्या मुलाने पिशवीतून बारा मिलिलिटर रंगाच्या चिमुकल्या कुप्या काढून टेबलावर ओळीने मांडल्या, तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न व्यापाऱ्याचाच निघाला, "लिटरला काय भाव पडला रे?" त्याने हिशेब करून सांगितला. पुन्हा विचारण्याचे धाडस मी केले नाही.

कुप्यांपाठोपाठ एक खोका निघाला. त्यात राखाडी प्लास्टिकच्या चौकटींना सुटे हात, पाय, मस्तके आणि शस्त्रे चिकटलेली होती. ती सोडवून जोडली की अंगठ्याएवढा, चिलखत घातलेला अंतराळसैनिक तयार होतो. 'वॉरहॅमर 40,000' नावाच्या, 1987 साली इंग्लंडमध्ये निघालेल्या खेळातील हे सैनिक. चाळीस हजार वर्षांच्या पुढील काळ कल्पून टेबलावर दोन सैन्ये मांडायची, फासे टाकायचे आणि पट्टीने अंतर मोजून चाल करायची, असा तो खेळ. त्याच्या पहिल्या ग्रंथाच्या नावात 'ट्रेडर' हा शब्द होता, असे चिरंजीवांनी मला मुद्दाम सांगितले. तेथील व्यापारी अंतराळात जहाजे घेऊन हिंडतो, आणि जहाजावर तोफाही बाळगतो!

मला हे रुचले नाही. ते भाद्रपदाचे दिवस होते. मंदिरे बंद असल्याने दशलक्षण पर्वातील वाचन आम्ही घरीच करीत होतो, आणि त्या दिवशी यशोधर राजाची कथा निघाली. आईच्या आग्रहास्तव यशोधराने खरा जीव न मारता पिठाचा कोंबडा करून बळी दिला, आणि तेवढ्या संकल्पापायी मायलेकांना कितीतरी तिर्यंच जन्म भोगावे लागले. सोमदेवसूरींनी इ.स. 959 मध्ये 'यशस्तिलकचंपू' याच कथेवर रचले. वाचन संपल्यावर मी मुलाकडे वळून म्हणालो, "पिठाचा कोंबडा आणि प्लास्टिकचा सैनिक, फरक काय? मारण्याचा भाव तोच ना?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "अण्णा, तो कोंबडा कापण्यासाठी केला होता. हा मी जपण्यासाठी करतोय. आणि खेळात जातो एखादा रविवार. बाकीचे सगळे तास रंगवण्यातच जातात."

उत्तर मला पूर्ण पटले नाही. खेळ झाला की मेलेल्यांची मोजदाद होतेच. विज्ञानकथाकार एच. जी. वेल्स यांनी 1913 साली खेळण्यातील सैनिकांच्या लढाईचे नियम 'लिटल वॉर्स' या पुस्तकात मांडले. खऱ्या युद्धापेक्षा हे छोटे युद्ध बरे, असे त्यांचे म्हणणे होते. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले. खेळाने युद्ध टळत नाही, एवढे त्यावरून दिसते. खेळाने ते ओढवते, असे मात्र मला म्हणता येईना.

दुकान बंद, हाताला काम नाही. म्हणून मी त्याच्याजवळ बसू लागलो, आणि नवल वाटले. हा तर माझाच धंदा होता! साच्याची शीर पात्याने खरवडायची, फटीत लांबी भरायची, पॉलिश पेपर मारायचा, मग प्रायमर. त्यावर रंगाचा एकच जाड हात न देता दोन पातळ हात द्यायचे. पेंटर मंडळींना हेच सांगता सांगता माझा जन्म गेला. पुढचे मात्र मला नवे होते. पाण्यासारखा पातळ गडद रंग सोडला की तो आपोआप खाचांत उतरतो आणि सावली पडते. मग जवळजवळ कोरडा ब्रश उंचवट्यांवरून फिरवला की तेथे उजेड पडतो. शेवटी मोहरीपेक्षा लहान डोळा. तो रंगविताना मुलगा श्वास रोखून धरी, आणि नकळत मीही.

एके दिवशी त्याच्या ब्रशचे टोक आकड्यासारखे वळलेले दिसले. मी म्हणालो, "चांगल्यातला घे की. पैसे मी देतो." तो म्हणाला, "अण्णा, हा कृत्रिम धाग्याचा आहे, म्हणून वळतो. गरम पाण्यात बुडवला की होतो सरळ. या कामाला नावाजलेले ब्रश सायबेरियातल्या मुंगसासारख्या एका प्राण्याच्या शेपटीच्या केसांचे असतात. ते मी घेत नाही." आपल्याकडे मुंगूस 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे आणि त्याच्या केसांचे ब्रश विकणे गुन्हा आहे, हे मला ठाऊक होते. मी मान डोलावली. मग त्याने अगदी हळू विचारले, "आपल्या दुकानात भिंतीला चार इंची ब्रश टांगलेत, ते कशाचे आहेत?"

ते डुकराच्या केसांचे होते. मला माहीत नव्हते असे लिहिले, तर ते असत्य ठरेल. "अस्सल केसांचा आहे" असे सांगूनच मी तो गिऱ्हाइकाच्या हाती देत आलो. केस कोणाचे, हे गिऱ्हाइकाने विचारले नाही आणि मी सांगितले नाही. उद्योगी हिंसा गृहस्थाला पूर्णपणे टळत नाही, असे शास्त्र म्हणते. पण ती शक्य तितकी कमी करावी, हेही तेच शास्त्र म्हणते. पहिला अर्धा भाग मी तीस वर्षे सोयीने लक्षात ठेवला होता. प्लास्टिकच्या सैनिकात मला पिठाचा कोंबडा दिसला, आणि खऱ्या जिवाचे केस माझ्या गल्ल्यामागेच लटकत होते.

त्या रात्री मी मुलाला काही बोललो नाही. दिवाळीच्या पाडव्याला वहीपूजन झाल्यावर मात्र ठरविले की केसांच्या ब्रशची नवी मागणी द्यायची नाही. उरलेला माल ठोक व्यापाऱ्याने परत घेतला नाही, तो मी विकला. हे लिहिताना आजही संकोच वाटतो. कृत्रिम धाग्याच्या ब्रशने तेलरंगात रेघा उमटतात, अशी तक्रार करून दोन जुने पेंटर दुसऱ्या दुकानी गेले. जे टिकले, त्यांना मी मुलाकडून शिकलेलेच सांगतो: रंग पातळ करा, दोन हात द्या.

खेळाविषयीचा आमचा वाद मिटलेला नाही. तो मित्रांसोबत खेळायला बसला की मी उठून जातो. मात्र हातातला खोका रंगवून संपेपर्यंत दुसरा आणायचा नाही, हा परिग्रहाचा नियम त्याने आपणहून घेतला आहे. न रंगविलेल्या सैनिकांचे ढीग ही या छंदातील सर्वांचीच खोड आहे म्हणे. पडून राहिलेल्या मालाचे दुःख व्यापाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही.

त्याने रंगविलेला पहिला निळा सैनिक आता दुकानात गल्ल्याजवळ उभा आहे. गिऱ्हाइके कौतुकाने उचलून पाहतात आणि कोणत्या ब्रशने रंगविला, असे विचारतात. मग मी मागे वळून भिंतीवरचा ब्रश काढतो आणि तो कशाचा आहे, हे आधी सांगतो.