सोनूला पत्र

चि. सोनू हिस,


गोधड्यांचे नमुने वहीत उतरवून घेतेस हे कळल्यावर ऑफिसातल्या मैत्रिणींनी विचारलं, ‘याचं पुढं काय करणार? विकणार? पेज काढणार?’ आणि तेव्हापासून वही उघडावीशीच वाटत नाही, असं तू लिहिलंस. ते वाचून चैन पडेना, म्हणून लगेच लिहायला बसले.

पुण्याला येशील तेव्हा आपण केळकर संग्रहालयात जाऊ. दिनकर केळकरांचं (१८९६–१९९०) चष्म्यांचं दुकान होतं. ‘अज्ञातवासी’ या नावानं ते कविता लिहीत. १९२०च्या सुमारास जुन्या वस्तू जमवायचा नाद लागला, तो आयुष्यभर सुटला नाही. त्यांचा राजा हा मुलगा लहानपणीच गेला, संग्रहालयाला नाव त्याचं आहे. वस्तू वीस हजारांच्या घरात गेल्या, आणि हा सगळा संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला.

पण मला तुला दाखवायच्या आहेत त्या तिथल्या वज्र्या. पाय घासायच्या! त्यांवरही कुणी हौसेनं पक्षी-प्राणी घडवलेत. शिवाय अडकित्ते, दिवे, कुलपं, दौती, पानाचे डबे. तिथं शस्त्रंही आहेत, पण शस्त्रं कुणीही जपली असती. घरोघरी मोडीत निघणारा अडकित्ता जपून ठेवायला माणूस त्याच्या प्रेमातच पडावा लागतो. नफ्याचा हिशोब करणारा आज कशाला भाव आहे तेवढंच उचलतो. पुढं मोलाचं ठरेल ते त्याच्या नजरेतून निसटतं. केळकरांनी भाव पाहिला असता तर आपल्या आज्या-पणज्यांचं स्वयंपाकघर आज कुठं पाहायला मिळालं असतं?

अशा नादाची झळ घरालाही लागते, हे मात्र विसरू नकोस. केळकरांच्या पत्नी कमलाबाईंची साथ नसती तर हा संसार आणि हा संग्रह एकत्र चाललेच नसते. त्यांच्याविषयी याहून खूप जास्त लिहिलं जायला हवं होतं, असं मला नेहमी वाटतं. म्हणून नोकरी सोडू नकोस. पोट तिच्यावर चालू दे, म्हणजे वहीवर कमाईचं ओझं पडणार नाही. आणि कौतुकाचंही नको. कौतुकाची सवय लागली की लोकांना आवडतील तेच नमुने तू काढशील. साध्या उभ्या धावदोऱ्याची, विटक्या लुगड्याची गोधडी मागं पडेल. खरं तर तीच आधी संपणार आहे.

एक काम मात्र आजपासून कर. संग्रहालयातल्या त्या सुंदर वस्तू घडवणाऱ्या बहुतेकांची नावं आज कुणालाच सांगता येत नाहीत. तुझ्या वहीत तसं होऊ देऊ नकोस. प्रत्येक नमुन्याखाली ती गोधडी शिवणाऱ्या बाईचं नाव आणि गाव लिही, तिला विचारून.

तुझी,
मावशी