वेतोबाची पायताणं

वेताळाची पहिली भेट उलटीच होते. स्मशानातल्या झाडाला तो प्रेतात शिरून लोंबकळत असतो आणि एका योग्याच्या सांगण्यावरून विक्रम राजा त्याला खांद्यावर टाकून चालू लागतो. दुसरं कोणी असतं तर गुमान पडून राहिलं असतं. याला गप्प बसवत नाही. वाट लांबची आहे, जरा करमणूक करतो, म्हणतो आणि गोष्ट सुरू करतो.

गोष्टीच्या शेवटी पेच. उत्तर ठाऊक असून बोलला नाहीस तर डोक्याची शकलं होतील. बोललास तर मी चाललो झाडावर. इतर भुतं माणसाची भीती हेरतात, हाव हेरतात. याने राजाची न्यायबुद्धी हेरली! अन्याय ऐकला की राजाला राहवत नाही, आणि गडी पुन्हा फांदीवर.

जर्मन लेखकांनीही असाच गोडबोल्या घडवला. गटेच्या ‘फाउस्ट’मधला मेफिस्टोफिलीस काळं कुत्रं होऊन घरात शिरतो आणि शेगडीमागून फिरस्त्या विद्यार्थ्याच्या वेषात बाहेर येतो. विंदा करंदीकरांनी १९६५ साली त्याला मराठीत आणलं. हाउफचा सैतान तर विद्यापीठात शिकून आपल्या आठवणी लिहितो. पण मेफिस्टोची सगळी मिठास रक्तातल्या एका सहीसाठी असते. वेताळाला सही नको. उलट शेवटी तोच राजाला सावध करतो : योगी तुला साष्टांग नमस्कार घालायला सांगेल, तेव्हा म्हण, मी राजा, मला येत नाही, तूच करून दाखव. योगी आडवा होतो आणि राजाची तलवार चालते. ज्याच्या खांद्यावर बसला त्याला त्याने दगा दिला नाही. माझा त्याच्यावर जीव आहे तो यासाठी.

गोष्टीतला हा वेताळ कोकणात देव झाला. गोव्यात त्याने बेताळभाटी गावाला नाव दिलं. पण त्याचा खरा थाट पाहावा सिंधुदुर्गात, शिरोड्याशेजारच्या आरवलीत. जयवंत दळवींचं हे गाव. इथे भुतांचा हा राजा वेतोबा झाला : माणसाहून उंच, हातात तलवार, अंगावर धोतर. जुनी मूर्ती फणसाच्या लाकडाची होती, म्हणून गावकरी फणसाचं लाकूड घरच्या कामाला लावत नाहीत. आता मूर्ती पंचधातूची आहे, तरी फणसाचा मान राहिला.

झाडावरचा बडबड्या इथे फक्त ऐकतो. मुलीचं लग्न, जमिनीचा वाद, मुंबईला गेलेल्या मुलाची नोकरी, सगळ्यांचं गाऱ्हाणं त्याच्यापुढे. काम झालं की केळ्यांचा घड आणि चामड्याची पायताणं. साधीसुधी नव्हेत, आपली दोन्ही पावलं एकात मावतील एवढी.

रात्री वेतोबा ती घालून गावाची राखण करत फिरतो, म्हणून तळ झिजतात, असं आरवलीकर सांगतात. शिरोड्याचा समुद्र बघायला जाल तेव्हा वाटेत उतरा आणि ते तळ स्वतः पाहा.