पडद्यावरचा न्याय, मैदानावरचा खेळ
फुटबॉलच्या नियमांत व्हिडिओ पंचांची तरतूद 2018 मध्ये आली. गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि भलत्याच खेळाडूला दाखवलेले कार्ड, या बाबतींत उघड चूक झाली तर फेरतपासणी होते; अंतिम निर्णय मात्र मैदानावरच्या पंचांचाच. 2022 च्या सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात ही पद्धत भारतात वापरली गेली. नवी मुंबईतील अंतिम सामन्यात स्पेनने कोलंबियाला 1-0 असे हरवले. यजमान भारत भुवनेश्वरला तिन्ही साखळी सामने हरला. 16 गोल स्वीकारले, एकही केला नाही. ही तफावत कॅमेरा भरून काढू शकत नाही. अन्याय टाळण्यासाठी व्हिडिओ हवाच. पण संघ घडतो तो शिरपूर जैनसारख्या गावांतही मैदान, प्रशिक्षक आणि नियमित सामने मिळाले तरच.